जॅझमधला ऑर्गन आपल्याला परका नाही

मा. संपादक, स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जॅझवर अख्खं पान दिलंत त्याबद्दल आधी मनापासून थँक्यू. पण त्यात ट्रम्पेट आला, पियानो आला, ऑर्गनचं साधं नावही नाही आणि ते मला फार लागलं, कारण मराठी माणसाला जॅझमध्ये शिरायचं असेल तर सगळ्यात जवळची वाट तीच आहे.

आपण ऑर्गन ऐकतच मोठे झालोय हो. माझे वडील आम्हाला गिरगावात साहित्य संघात संगीत नाटकाला न्यायचे आणि मुद्दाम पुढची, ऑर्गनवाल्याच्या बाजूची तिकिटं काढायचे. नट पद म्हणताना एखादी जागा घेऊन थांबला की ऑर्गन तो सूर धरून ठेवायचा आणि खाली वाजवणाऱ्याचे दोन्ही पाय भात्यावर चालूच. मला पदांपेक्षा ते पाय जास्त आठवतात.

म्हणूनच काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊस या रेकॉर्ड-सीडीच्या दुकानात (२०१६ ला बंद झालं ते, अजून चुटपुट लागते) 'बॅक ॲट द चिकन शॅक' या जॅझ अल्बमची सीडी मिळाली तेव्हा मी ती घरी दिवसभर लावून बसलो होतो. १९६० चं रेकॉर्डिंग, ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीने १९६३ ला बाजारात आणलं. ऑर्गनवर जिमी स्मिथ, टेनर सॅक्सोफोनवर स्टॅनली टरेन्टाईन, गिटारला केनी बरेल, ड्रम्सला डोनाल्ड बेली, बस्स एवढेच चौघं. बेस वाजवणारा माणूसच नाही! तरी खाली बेस चालूच असतो कारण तो स्मिथच वाजवतोय, डाव्या हाताने, आणि जोडीला डावा पाय पेडलवर, उजवा पाय आवाज कमीजास्त करायला. इथे भाता नाही, हा हॅमंड ऑर्गन विजेवर चालतो, १९३५ पासूनचं वाद्य. त्याला जोडलेल्या लेस्ली स्पीकरमधला भोंगा गरागरा फिरतो म्हणून सूर असा थरथरत येतो.

आणि टरेन्टाईन. कसली घाई नाही, जाड भरलेला आवाज, एक वाक्य बोलतो आणि थांबतो, की ती मोकळी जागा ऑर्गन भरून काढतो, अगदी आपल्याकडे गायक आणि साथीदार करतात तसंच. नावाला अल्बम स्मिथचा आहे पण मी तो दोघांचाच मानतो, 'मायनर चँट' ही त्यातली रचना तर टरेन्टाईनचीच आहे. पहिला ट्रॅक आठ मिनिटांचा, १२ मात्रांचा नव्हे, १२ बारचा (म्हणजे चार-चार मात्रांच्या १२ तुकड्यांचा) ब्लूज, लोकलमध्ये चर्नी रोडला लावला की महालक्ष्मीपर्यंत पुरतो. फक्त कृपा करून फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, डाव्या हाताचं सगळं काम त्यात गायब होतं आणि मग यात एवढं काय आहे असं वाटतं.

तर विनंती अशी की एक रविवार ऑर्गनला द्या आणि लेख एखाद्या संगीत नाटकात साथ करणाऱ्या ऑर्गनवादकाकडून लिहून घ्या. त्याला हा अल्बम ऐकवा, त्या पायांबद्दल तो जे सांगेल ते जॅझच्या जाणकाराला सुचणार नाही. आणि अल्बमची माहिती छापाल तेव्हा चौघांचीही नावं छापा, नुसतं पहिलं नको.

– एक जुना वाचक, गिरगाव, मुंबई