घरच्या भाषेला दोष देण्यात मुलांची वर्षे जातात

महोदय,

जूनच्या मध्यात शाळा उघडतील आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत पुन्हा तेच वाक्य ऐकू येईल : “घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी; पोर गोंधळून गेलंय, म्हणून बोलत नाही.” मी स्वतः पद्मशाली कुटुंबातली. घरी तेलुगू बोलत मी मराठी माध्यमाच्या शाळेत २८ वर्षे मराठी शिकवले आणि हेच वाक्य अनेक पालकांना ऐकवले. ते चुकीचे होते, हे मला माझ्या बहिणीच्या मुलीमुळे कळले, आणि तेही फार उशिरा.

एकाहून अधिक भाषा कानावर पडल्याने स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, होत नाही. दोन-तीन भाषांत वाढणारे मूल प्रत्येक भाषेतले शब्द थोडेथोडे जमवते; पण ते बोट दाखवून वस्तू मागते, नावाने हाक मारली की वळून पाहते, अंगणात सापडलेला पिसाचा तुकडा आईला आणून दाखवते. ज्या मुलात हे दिसत नाही, त्याच्याबाबतीत भाषा किती हा प्रश्नच नसतो. तरीही आपण सल्ला देतो तो घरची भाषा बंद करण्याचा. ज्या आजीला तेलुगूशिवाय काही येत नाही, तिच्याशीच मुलाचे बोलणे त्यामुळे तुटते.

माझी भाची उशिरा बोलू लागली. “पाणी हवं का?” असे विचारले की “पाणी हवं का?” एवढेच म्हणायची, आम्हाला ती नक्कल वाटे. खाली यंत्रमागांचा खडखडाट चालू असताना ती गाढ झोपायची, पण कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कानांवर हात दाबून गच्चीवर पळायची. मागाचा आवाज एकसारखा असतो आणि शिट्टी केव्हा होईल याचा नेम नसतो, हा फरक आमच्या लक्षात आला नाही. गड्ड्याच्या यात्रेत तिने लोळण घेतली, तेव्हा आम्ही तिला चारचौघांत हट्टी म्हटले.

शाळेत ती शांत होती, म्हणून कोणाची तक्रार नव्हती. तिच्या वह्या मी आजही जपून ठेवल्या आहेत. पान सुरू होते ते सुवाच्य अक्षरात, तिसऱ्या-चौथ्या ओळीत एखाद्या शब्दाच्या मध्येच लिहिणे थांबते, आणि काही ठिकाणी खोडून खोडून कागदाला भोक पडले आहे. एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे कठीण जाण्याची स्थिती) म्हणजे वर्गभर धावणारा मुलगा, असा आम्हा शिक्षकांचा समज असतो. जागेवर बसून जिचे लक्ष निसटते, ती मुलगी या समजात बसत नाही. तिला आपण वेंधळी म्हणतो आणि पुढच्या बाकावर आणून बसवतो. मीही तेच केले. “हुशार आहेस, पण लक्ष देत नाहीस,” हे तिने माझ्याच तोंडून किती वेळा ऐकले असेल, याचा विचार आला की आजही झोप लागत नाही.

नववीत रोज सकाळी पोट दुखू लागले, दहावीत शाळा सुटली, आणि एके दिवशी ती म्हणाली, “मावशी, मला काहीच नको वाटतं.” नैराश्यावर उपचार सुरू झाले, औषधांनी झोपही लागू लागली, पण ती लहानपणी कशी होती, हे चार वर्षांत कोणी विचारले नाही. तिच्या १९ व्या वर्षी आम्ही सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस गाठून तिला पुण्याला नेले. तिथल्या डॉक्टरांनी माझ्या बहिणीला मुलीच्या पहिल्या तीन वर्षांबद्दल दीड तास विचारले, आणि बहिणीचे तेलुगू मी मराठीत सांगत राहिले. पुढच्या दोन फेऱ्यांत निदान झाले : ऑटिझम आणि एडीएचडी, दोन्ही. अमेरिकेतील मानसोपचार संघटनेच्या ज्या निदान-पुस्तिकेचा आपल्याकडेही आधार घेतला जातो, तिच्यात २०१३ पर्यंत ही दोन निदाने एकाच व्यक्तीला देण्यास मुभा नव्हती. आज ती आहे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार आढळले होते. ऑटिझम किंवा एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये चिंता आणि नैराश्य इतरांपेक्षा अधिक असते. वर्षानुवर्षे बोलणी खाऊन आणि आपले वेगळेपण लपवून ती थकलेली असतात. म्हणून खचलेला तरुण दवाखान्यात येतो, तेव्हा त्याच्या बालपणाची चौकशी आईच्या भाषेत झाली पाहिजे. आपल्या शहरात तेलुगू आणि कन्नड जाणणाऱ्या परिचारिका, आशा सेविका आहेत; आठवड्यातून एक ठरावीक दिवस त्यांची मदत घेणे अशक्य नाही.

कायद्याची बाजूही पालकांना माहीत हवी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) आहेत, एडीएचडीचा वेगळा उल्लेख नाही. केवळ एडीएचडी असलेल्या मुलाचे आईवडील प्रमाणपत्रासाठी हेलपाटे घालतात ते यामुळे; या त्रुटीचा शासनाने विचार करावा. ज्या घरात आज रात्री कोणी बोलेनासे झाले आहे, त्यांच्यासाठी १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे तेलुगू, कन्नडमध्येही बोलता येते.

माझे खरे मागणे मात्र शाळांकडे आहे. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळेत एकदा येते. त्यांच्या तपासणीच्या यादीत ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही आहेत. पण एका दिवसात शेकडो मुले पाहणाऱ्या डॉक्टरांना दात आणि डोळे दिसतील, शांत बसलेली मुलगी दिसणार नाही. ती वर्गशिक्षकालाच दिसते. तेव्हा पथक येण्यापूर्वी प्रत्येक वर्गशिक्षकाने अशा मुलांविषयी आपण जे पाहिले ते, कोणतेही निदान न लावता, अर्ध्या पानात लिहून ठेवावे : हाकेला वळते का, कोणत्या आवाजाने दचकते, वही कुठे अर्धी राहते. आणि त्या कागदावर मुलाची घरची भाषा कोणती, हे पहिल्या ओळीत लिहावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, पूर्व भाग, सोलापूर