चिंगी घोडीला आपल्या गिरणाऱ्याला आणू का?

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

समोर बोलायला बसले की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणून लिहून कालनिर्णयच्या मागे ठेवतेय. सकाळच्या पहिल्या बसने मी पुण्याला निघेन.

काल मामांसमोर बाबा म्हणालात, "पोरगी एवढी शिकली आणि शेवटी दलाल झाली." लागलं, पण खोटं नाही. आपली द्राक्षं उचलून पैसे बुडवून पळालेला व्यापारी मलाही आठवतो. आईने त्या वर्षी पाटल्या मोडल्या होत्या. एखाद्या मालकाने माझ्या सल्ल्याने शर्यतीच्या घोड्याचं शिंगरू घेतलं की किमतीच्या 5 टक्के मला मिळतात. म्हणजे जनावर जितकं महाग, तितकी माझी चांदी. या धंद्याची खोट हीच. म्हणून 'हे घेऊ नका' असं सांगितलेल्या घोड्यांची मी वेगळी वही ठेवते. चांगली जाडजूड झालीये.

(आई, पैसे लावण्याचं म्हणशील तर मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सला आणि पुण्याला इतक्या शर्यती पाहिल्या, एक रुपया लावलेला नाही. शपथ नको, एवढ्यावर विश्वास ठेव.)

लिलावाच्या पुस्तकात प्रत्येक शिंगराला एक पान असतं. वर बापाचं नाव, खाली जवळजवळ सगळं पान आईच्या घराण्याचं: आई, आजी, पणजी, त्यांच्या पोरांनी काय जिंकलं. मोठ्या शर्यती जिंकणाऱ्यांची नावं ठळक छापतात. नावाजलेल्या वळू घोड्याला वर्षाला शंभरावर पोरं होऊ शकतात. घोडी अकरा महिने पोटात वाढवते आणि एकच देते. आपण डॉक्टर बोलावून गाय भरवून घेतो, तसं थरोब्रेडमध्ये, म्हणजे या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीत, चालत नाही. कृत्रिम रेतनाने झालेल्या शिंगराची नोंदच होत नाही.

बाबा, तुम्ही द्राक्षाच्या डॉगरिज खुंटावर थॉमसन जातीची काडी बांधता, ती थॉमसनच निघते. घोड्यात सख्ख्या भावंडांतही जमीन-अस्मानाचा फरक. 2006 मध्ये अमेरिकेत 'द ग्रीन मंकी' नावाचा घोडा 1 कोटी 60 लाख डॉलरला गेला. तीन शर्यती पळाला, एकही जिंकला नाही. त्याच देशात 'सिॲटल स्ल्यू' साडेसतरा हजार डॉलरला विकला गेला होता आणि त्याने 1977 मध्ये तिथला तिहेरी मुकुट, म्हणजे एकाच वर्षी तीन मोठ्या शर्यती जिंकण्याचा मान, मिळवला. आता सांगा, पाच टक्के कशाचे घ्यायचे?

आता मुद्द्याचं. चिंगी. पुस्तकातलं नाव भारदस्त आहे, तबेल्यात सगळे चिंगीच म्हणतात. तिच्या पानावर ठळक अक्षरं भरपूर होती, चालही झोकदार. बाजूने पाहिलं तेव्हा पुढचा गुडघा किंचित मागे झुकलेला दिसला. दिसला होता, बाबा. आजोबांनी मला दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात नेलं होतं. विकणारा घोड्याच्या केसांतला शुभ मानला जाणारा देवमण भोवरा दाखवत होता आणि आजोबा खाली बसून पाय चाचपत होते. "भोवरा पळत नाही," एवढंच म्हणाले. मी भोवराच बघितला, फक्त छापलेला. मालकाला घ्या म्हटलं.

भरधाव घोड्याचं सगळं, साधारण पाचशे किलोचं वजन क्षणभर एकाच पायावर येतं. असा गुडघा तो भार नीट पेलत नाही. चौथ्या वर्षी सरावात तिच्या उजव्या पायाची कंडरा गेली. पैदाशीला ठेवली तर तोच गुडघा पुढच्या पिढीत जाऊ शकतो, म्हणून मीच मालकाला नको म्हटलं. आता तिला जागा नाही. मालक फुकट द्यायला तयार आहे. आपला गोठा दोन वर्षं रिकामाच आहे.

लंगडत नाही, फक्त पळवायची नाही. कोरडं गवत आणि थोडा लसूणघास बास. बागेत फवारणी झालेलं तण तिच्या तोंडी लागू द्यायचं नाही. शेजारच्या पोल्ट्रीचं खाद्य तर चुकूनही नको. त्यात बऱ्याचदा मोनेन्सिन हे कोंबड्यांचं औषध असतं, घोड्याला ते थोडंसंही विष. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलं ते गेलंच. पोट दुखलं तर ती पुन्हा पुन्हा कुशीकडे वळून बघेल, लोळेल. तेव्हा रात्र असो की दिवस, आधी डॉक्टर, मग मला फोन. खर्च सगळा माझा. खुरं कापायला दर दीड महिन्याला माणूस पाठवीन.

मंगळवारी गाडी निघेल. नको असेल तर रविवारपर्यंत कळवा. बाबांना बोलायचं नसेल तर आईने सांगितलं तरी चालेल. आणि आणायची असेल तर गोठ्याच्या दारातला, बाबांचा सदरा दरवेळी अडकतो ना, तो खिळा तेवढा उपटून ठेवा.

तुमची,
ताई