चुन्याच्या भिंतीवर सिमेंट नको

पावसाळा तोंडावर आला की पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांना 'धोकादायक' म्हणून नोटिसा लागतात. बोट दाखवले जाते ते भिंतीतल्या तड्याकडे. पण पेशवाई वाड्याच्या आतल्या बहुतेक भिंती भार पेलतच नाहीत. तक्तपोशीचा (लाकडी फळ्यांच्या छताचा) भार कड्यांवर (आडव्या वाशांवर), कड्यांचा तुळईवर, तुळईचा खांबावर आणि खांबाचा त्याखालच्या दगडी तळखड्यावर उतरतो. मधली वीटमाती ही नुसती भर. तिला तडा गेला म्हणून वाडा पडत नाही. खांबाचा बुडखा कुजला की पडतो.

म्हणून तपासणी खाली वाकूनच करावी. तळखड्यालगतचा खांब, तुळईचे भिंतीत शिरलेले टोक आणि पन्हळीखालचा कोपरा या तीन ठिकाणी पेचकस टोचून पाहावा. तो बोटभर आत गेला आणि हातोडीला आवाज बद्द आला, तर लाकूड गेले. तरीही सबंध खांब बदलायची गरज क्वचितच असते. तुळईखाली दोन्ही बाजूंना जॅक लावून फक्त भार घ्यावा (जास्त उचलले तर वरचे सांधे उघडतात, आणि ते दुखणे आणखी महाग). मग कुजका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून वाळलेल्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने बसवावा. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या निदान दुप्पट हवी.

चर्चचे गणित उलटे. सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवरचे १७९२ चे सिटी चर्च घ्या किंवा १८२५ चे लष्कर भागातले सेंट मेरी. अशा वास्तूंत भिंतच भार वाहते. तिथे तडा गंभीरपणे घ्यायचा, आणि 'सोयीसाठी' नवे दार पाडायचे किंवा धिरा (भिंतीला बाहेरून दिलेला आधार) काढायचा विचारही करायचा नाही.

घात मात्र दोन्हीकडे सिमेंटच करते. भिंतीत शिरलेला ओलावा चुन्यातून वाळतो, सिमेंटखाली कोंडतो. मग लोणा (क्षार) वर चढतो आणि भिंतीत गाडलेले लाकूड कुजते. १८६७ च्या लाल देवळासारख्या (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) वीट-दगडाच्या बांधकामात दरजा (विटा-दगडांमधल्या फटी) सिमेंटने भरल्या, तर दरज शाबूत राहते आणि शेजारची मऊ वीट पापुद्रे टाकते.

चुन्याला वेळ लागतो, एवढीच त्याची अडचण. चुनकळी (भाजलेल्या चुन्याचे खडे) किमान १५ दिवस पाण्यात विरवायची. चुना, सुरखी (विटांची भुकटी), वाळू समप्रमाणात घाणीत मळायची. थर १० ते १२ मिलिमीटरच आणि आठवडाभर ओले पोते. हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत साधते. आपल्याकडे निविदा निघते मार्चच्या घाईत आणि तीत लिहिलेले असते नुसते 'गिलावा'! ठेकेदार सिमेंटच लावणार. वारसा यादीतल्या वास्तूंच्या निविदांत महापालिकेने 'चुन्याचा गिलावा' आणि 'चुन्याने दरजा भरणे' या स्वतंत्र बाबी दरासह घालाव्यात. शिवाय काम सुरू होण्यापूर्वी एक चौरस मीटरचा नमुना लावून, तो वाळल्यावरच पुढची परवानगी द्यावी.

— जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत काम करणारे काही स्थापत्यकार व कारागीर, पुणे