लांबलेला ताप आणि दुर्लक्षित बुरशी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात नागपुरात तापाच्या रुग्णाचे प्लेटलेट्स घसरले की घरचेच काय, शेजारीही डेंग्यूचे निदान करून मोकळे होतात, आणि बहुतेक वेळा ते खरेही ठरते. परंतु ताप आठवडे उलटूनही उतरत नसेल, प्लीहा वाढत असेल आणि प्लेटलेट्सबरोबर हिमोग्लोबिन व पांढऱ्या पेशीही खाली येत असतील, तर 'एचएलएच' (हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस) या विकाराचा विचार वेळीच व्हायला हवा. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम केलेले असल्याने हे लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो.

या विकारात प्रतिकारशक्ती अनावर होते आणि भक्षक पेशी शरीराच्याच रक्तपेशी गिळू लागतात. विषाणू, क्षयरोग, स्क्रब टायफस यांप्रमाणेच हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशीही क्वचित त्याला कारण ठरते. पक्ष्यांच्या किंवा वटवाघळांच्या विष्ठेने भरलेली माती उकरली की या बुरशीचे बीजाणू श्वासावाटे फुप्फुसात जातात. ताप, घटणारे वजन आणि एक्स-रेवरचे डाग पाहून तिला क्षयरोग समजले जाते. त्यात क्षयावरचे रिफाम्पिसिन या बुरशीवरील इट्राकोनॅझोल या औषधाचा प्रभाव कमी करते, हे आणखी वाईट. शिवाय खवळलेली प्रतिकारशक्ती शमवण्यासाठी स्टिरॉइड द्यावे लागते, पण बुरशी न ओळखता नुसते स्टिरॉइड दिल्यास ती शरीरभर पसरू शकते.

रक्तातील फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन) मोजण्याची साधी तपासणी येथे मोलाची आहे. ते डेंग्यूतही वाढते, म्हणून त्यावरून एकट्याने निदान होत नाही. मात्र आकडा हजारोंच्या घरात गेला तर अस्थिमज्जेची तपासणी लांबवू नये. रक्तपेशी गिळलेल्या भक्षक पेशी आणि भक्षक पेशींच्या पोटातील दोन ते चार मायक्रॉनची बुरशी, हे दोन्ही कधीकधी एकाच काचपट्टीवर दिसते. कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहायला, काही आठवडे लागतात आणि एवढा वेळ अशा रुग्णाकडे नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये प्राधान्याच्या बुरशींच्या यादीत हिस्टोप्लाझ्माचा समावेश केला आहे. गंभीर रुग्णांना लागणारे बुरशीविरोधी औषध लिपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन 2021 मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत मिळेनासे झाले होते, तेव्हा नातेवाइकांची झालेली वणवण आपण सर्वांनी पाहिली. नागपुरातील मेडिकल व मेयो ही सरकारी रुग्णालये आणि विदर्भातील जिल्हा रुग्णालयांत या औषधाचा साठा कायम असावा आणि फेरिटिनचा अहवाल त्याच दिवशी, विनामूल्य मिळावा, अशी आरोग्य विभागाला माझी कळकळीची विनंती आहे.

— एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नागपूर