आई तीन मिनिटं बाहेर, आई सहा महिने बाहेर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मुलींच्या ‘अटॅचमेंट स्टाइल’वरचा, म्हणजे जवळच्या माणसांशी जीव लावायच्या तऱ्हेवरचा लेख वाचला. सोबतची चाचणीसुद्धा. वाचावीच लागली, कारण माझ्या मेसमधल्या मुली ताटं बाजूला सारून तीच सोडवत बसल्या होत्या. लेखिकाबाईंचा अभ्यास दांडगा असेल, वाद नाही. पण सोमवारी माझ्याकडे बारा पोळ्या उरल्या.

धारूरकडची एक पोरगी आहे, नीटचं दुसरं वर्ष. आईबाप दसरा झाला की ऊसतोडीला जातात, येतात ते गुढीपाडव्याच्या आसपास. आजीनं वाढवलेली. तिचा निकाल निघाला ‘अव्हॉयडंट’, म्हणजे माया टाळणारी. वर लेखात लिहिलेलं, अशा मुलींत आशा, कृतज्ञता वगैरे गुण कमी आढळतात. झालं! तोंड पाडून बसली.

रात्री नऊला मुकादमाच्या मोबाइलवरून तिच्या मायचा फोन येतो. ही फोन खांद्यात धरून कपड्यांच्या घड्या घालते. “हं. जेवले. हं. ठेवू?” मलाही आधी वाटायचं, किती कोरडी पोरगी! एकदा विचारलंच. म्हणाली, “काकू, मी रडले की तिला रातभर झोप लागत नाही. अन् पहाटे फडात जायचं असतंय.”

तुम्हीच चौकटीत पीटरसन-सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांची २००४ची, स्वभावातल्या २४ चांगल्या गुणांची यादी छापलीत. त्यात आत्मसंयम आहे, दयाळूपणा आहे. मग हेच वागणं एका रकान्यात खोट आणि दुसऱ्यात गुण कसं? हे ‘अव्हॉयडंट’ वगैरे प्रकार ज्यातून आले, तो मानसशास्त्रज्ञ एन्सवर्थबाईंचा गाजलेला प्रयोग वर्षाच्या आसपासच्या लेकरांवरचा; आई गेल्यावर आणि परतल्यावर लेकरू कसं वागतं ते बघायचा. आई खोलीबाहेर जायची ती तीन मिनिटं, आणि लेकरू फारच रडलं तर त्याआधीच परत. आमच्याकडची आई सहा महिने जाते, रडलं तरी येत नाही, कामाआधीच पैशांची उचल घेतलेली असते. आणि चाचणीत आजीला एकही प्रश्न नाही!

दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं नसतं, हे तुमच्याच लेखात आहे. शेवटच्या ओळीत. तिथवर कोण वाचतंय? पोरी चाचणीच्या गुणांची बेरीज करून थांबल्या.

जाता जाता: शब्दकोड्याचं उत्तर सोमवारी देतो म्हणता. या सोमवारी त्या जागी कोचिंग क्लासची जाहिरात होती. सात आडवा अजून अडलेला आहे.

आपली,
एक मेसवाली काकू, लातूर