सरपंचाला मत देण्याआधी आमदाराचं मत शोधू या

सप्रेम नमस्कार,

वाचनालयातल्या वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसणाऱ्या एका आजोबांच्या प्रश्नातून, आपल्या आमदारांनी गावाच्या कायद्यांवर सभागृहात काय केलं ते शोधून पुस्तिका काढायचं हे काम सुरू झालं. "आमच्या गावचा सरपंच सदस्यांनी निवडला. ओढ्यापलीकडच्या गावचा लोकांनी थेट निवडला. तालुका एक, कायदा एक, मग रीती दोन कशा?" टेबलाभोवती आम्ही सहा-सात जण होतो. त्यात दोन निवृत्त शिक्षक, एक माजी ग्रामपंचायत सदस्य. कुणालाही नीट उत्तर देता आलं नाही, आणि त्याची आम्हाला मनापासून लाज वाटली.

उत्तर शोधायला लागलो तेव्हा ते गावात नव्हतंच, विधानसभेत होतं. २०१७ साली राज्याने कायदा बदलून सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरवलं. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवारासाठी सातवी पासची अटही तेव्हाच आली. २०२० च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात थेट निवड रद्द झाली. जानेवारी २०२१ मध्ये चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींची निवडणूक झाली, तिथे सरपंच सदस्यांमधून झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा थेट निवड आली, आणि त्या डिसेंबरात मतदान झालेल्या सात हजारांहून अधिक गावांनी सरपंचासाठी वेगळं बटण दाबलं. आजोबांचं गाव पहिल्या खेपेतलं, ओढ्यापलीकडचं दुसऱ्या खेपेतलं. नगराध्यक्षांच्या बाबतीतही २०१६, २०२० आणि २०२२ असा तिनदा फेर झाला.

हा फरक वरवरचा नाही. थेट निवडून आलेल्या सरपंचाला हटवायचं तर विषय सदस्यांपुरता राहत नाही, ग्रामसभेपर्यंत जातो. सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्या गटाचं असलं की मासिक सभा कशा चालतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. पाण्याच्या टाकीचा ठराव त्यात महिनोन्महिने अडकतो. थेट निवड बरी की सदस्यांमधून, यावर आमच्यातही दोन मतं आहेत आणि तो वाद आम्ही आनंदाने घालतो. पण पाच-सहा वर्षांत हा कायदा तीनदा बदलला, तेव्हा आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीने सभागृहात काय केलं? २०२० साली एका बाजूला बसलेले काही सदस्य २०२२ साली नेमक्या उलट विधेयकाच्या बाजूला बसले. मत बदलणं हा गुन्हा नाही. मात्र कारण काय, हे ज्यांचं गाव त्या कायद्यावर चालतं त्यांना कळायला हवं.

वॉर्डांचंही तसंच. ७ मार्च २०२२ रोजी प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारकडे घेणारी विधेयकं दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केली. एकमताने म्हणजे सत्ताधारी आले आणि विरोधकही आले. तुमची गल्ली कोणत्या वॉर्डात जाईल, हे कुणी ठरवायचं याचा निकाल त्या दिवशी लागला, आणि पुढच्या प्रचारात त्यावर अवाक्षरही आमच्या कानावर आलं नाही. त्यानंतर मुंबई महापालिकेपासून जिल्हा परिषदांपर्यंत किती तरी संस्थांवर वर्षानुवर्षं प्रशासक राहिले. आरक्षणाचे आणि रचनेचे वाद कोर्टात गेले, आणि अखेर निवडणुका घ्या असं मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, हे खरं. पण पॅनेलच्या बॅनरवर आमदारांचा फोटो असतोच, आणि "साहेबांच्या गटाचं पॅनेल" ही ओळख चिन्हापेक्षा पक्की असते. गावागावात फलक आहेत: आमदारांच्या प्रयत्नांतून, २५१५ अंतर्गत, सभामंडप. २५१५ हे राज्याच्या अर्थसंकल्पातलं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाच्या खात्याचा क्रमांक. तो पैसा सभागृहाने ग्रामविकास खात्याच्या खर्चाच्या मागण्यांवर मत देऊन मंजूर केलेला असतो, कुणाच्या घरून आलेला नसतो. सभामंडप हवा की शाळेचं छप्पर आधी, हे ग्रामसभेने ठरवायचं की वरून यादी यायची, हा प्रश्न सरपंचाइतकाच आमदारालाही विचारायला हवा. म्हणून फोटो ज्यांचा, त्यांचं सभागृहातलं काम उमेदवारासमोर ठेवायचं आणि विचारायचं: तुम्हाला हे पटतं का? जिल्हा परिषदेच्या वेळी तर धागा उलट्या बाजूनेही जातो. विधान परिषदेच्या ७८ पैकी २२ जागा स्थानिक संस्थांचे निवडून आलेले सदस्य भरतात. आपण जिल्हा परिषदेच्या गटातून पाठवलेला माणूस उद्या आमदार निवडतो.

आता अडचण सांगतो, कारण ती लपवून तुमच्याकडे मदत मागणं बरोबर नाही. आपल्या विधानसभेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, एका बाजूने 'होय', दुसऱ्या बाजूने 'नाही', आणि कोणता आवाज मोठा ते ऐकून निर्णय जाहीर होतो. कोण काय म्हणालं, याची नावानिशी नोंद राहत नाही. मतविभागणी झाली, शिरगणती झाली, तरच हिशेब दिसतो. ४ जुलै २०२२ च्या विश्वासदर्शक ठरावाला १६४ विरुद्ध ९९ असा आकडा सगळ्या महाराष्ट्राला पाठ झाला, कारण तिथे माणसं मोजली गेली. सरपंच निवडीच्या कायद्याचा असा आकडा तुमच्या-माझ्या लक्षात नाही.

शिवाय पक्षादेश आहे. १९८५ साली राज्यघटनेत आलेल्या दहाव्या अनुसूचीमुळे व्हिप मोडून मत दिलं, किंवा पूर्वपरवानगीशिवाय गैरहजर राहिलं, तरी आमदारकी जाऊ शकते. तेव्हा एकट्या मताला धरून माणसाला दोष देणं अन्यायाचं होईल. पण व्हिप तोंड बांधत नाही. त्या विधेयकावर बोलण्याची संधी घेतली का? दुरुस्ती सुचवली का? तारांकित प्रश्नांत, लक्षवेधीत, अर्ध्या तासाच्या चर्चेत आपल्या तालुक्याचं पाणी, शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र आलं का? मतविभागणीची मागणी कुणी केली का? त्या दिवशी सभागृहात सन्माननीय सदस्य होते तरी का? हे सगळं कार्यवाहीच्या इतिवृत्तात विखुरलेलं आहे. मुंबईच्या आमदारांची प्रगतिपुस्तकं प्रजा फाउंडेशन वर्षानुवर्षं काढतं. आपल्यासारख्या तालुक्यांसाठी ते कोण करणार? म्हणून आपणच करायचं ठरवलं आहे.

आम्हाला एक छोटी पुस्तिका काढायची आहे. आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधींनी, २०१७ पासून जे जे त्या जागेवर बसले त्या सर्वांनी, गावाशी संबंधित कायद्यांवर आणि ग्रामविकासाच्या मागण्यांवर सभागृहात काय केलं, हे तारीख आणि पान देऊन त्यात असेल. जिथे मताची नोंद नाही तिथे "नोंद नाही" असंच छापू. पक्ष कोणता, हे पाहून एकही ओळ गाळणार नाही आणि एकही घालणार नाही. छपाईला देण्याआधी मसुदा संबंधित आजी-माजी आमदारांकडे पाठवू आणि त्यांचं म्हणणं शब्दशः शेजारी छापू.

यासाठी सर्वांत आधी वाचणारी माणसं हवीत. इतिवृत्तं विधानमंडळाच्या संकेतस्थळावर आहेत, पण एकेका दिवसाची पानं इतकी की एकट्यादुकट्याचा धीर सुटतो. तीन अधिवेशनं चार जणांनी वाचायला घेतली, त्यातल्या दोघांचे डोळे आता साथ देत नाहीत. आठवड्याला दोन तास देऊ शकणारे निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, न्यायालयात काम केलेली मंडळी आली तर काम मार्गी लागेल. सरकारी मराठी ज्यांनी आयुष्यभर वाचली, त्यांना 'पुरवणी मागण्या' आणि 'कपात सूचना' समजावून सांगाव्या लागत नाहीत. कॉलेजच्या मुलामुलींनी तक्ते करायला आणि टंकलेखनाला यावं. दर रविवारी सकाळी नऊ ते बारा वाचनालयाचा मागचा हॉल या कामासाठी उघडा राहील. चहा आमचा.

दुसरी मदत पैशांची. वाचनालयाला मिळणारं सरकारी अनुदान पुस्तकं आणि पगारासाठी असतं, त्यातला एक रुपयाही आम्ही या कामाला लावणार नाही. म्हणून वेगळी वर्गणी, वेगळं पावतीपुस्तक. कागद, छपाई, एक जुना प्रिंटर दुरुस्त करणं आणि गावोगाव पुस्तिका पोचवायला एसटीचं भाडं, एवढाच खर्च आहे. पन्नास रुपयांचीही पावती मिळेल. आलेल्या-गेलेल्या पैशांचा हिशेब दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दारावरच्या फळ्यावर लिहिला जाईल. कोणत्याही पक्षाचा पदाधिकारी, निवडणुकीचा इच्छुक उमेदवार किंवा ग्रामपंचायतीचा ठेकेदार यांची वर्गणी आम्ही घेणार नाही. त्यांनी मनावर घेऊ नये. तेही आपलेच आहेत, हॉलमध्ये येऊन वाचायला बसले तर स्वागतच आहे.

महिला बचत गटांना वेगळी विनंती. २०११ पासून स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांसाठी आहेत, पण पुस्तिका चावडीवर ठेवली तर ती पुरुषांच्याच हाती राहते. गटाच्या मासिक बैठकीत अर्धा तास द्या. आमच्यापैकी कुणी तरी येऊन वाचून दाखवेल, आणि तुमचे प्रश्न लिहून घेईल. ते प्रश्न पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर उमेदवारांसाठी छापायचे आहेत.

बाहेरगावी, पुण्या-मुंबईला किंवा परदेशात असलेल्या इथल्या लेकरांनो, तुम्ही इतिवृत्तं कुठूनही वाचू शकता. घरच्यांकडून निरोप पाठवा, आम्ही तुमच्या वाट्याचं अधिवेशन कळवू. नागपूरची हिवाळी अधिवेशनं अजून कुणीच घेतलेली नाहीत.

ते आजोबा दर रविवारी येतात. ऑगस्ट २०२२ त्यांनी स्वतःकडे घेतला आहे, भिंगाने वाचतात. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे.

आपले,
सार्वजनिक वाचनालयाचे सभासद आणि वाचक