काउंटरच्या दोन्ही बाजू शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘रिटेल मॅनेजमेंट’ हा विषय आता सीमाभागातल्या पदवीच्या मुलांनाही परका राहिलेला नाही. माल कसा मांडावा, साठा किती ठेवावा, गिऱ्हाईक कसे टिकवावे, हे सारे त्यात येते. पण त्या गिऱ्हाइकाने काटा कसा तपासावा, वेष्टनावर काय वाचावे, हे कोण शिकवणार? हा विषय काही विद्यापीठांत आला तो खरे तर गिऱ्हाइकाच्याच बाजूने.

अमेरिकेत १८९९ पासून लेक प्लॅसिड येथे घर चालवण्याच्या शास्त्रावर परिषदा भरू लागल्या. त्यात पुढाकार होता एलेन स्वॅलो रिचर्ड्स यांचा. त्या रसायनशास्त्रज्ञ, पाण्याची शुद्धता आणि किराणा मालातली भेसळ हे त्यांच्या अभ्यासाचे विषय. १९०९ मध्ये गृहअर्थशास्त्राची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि त्या तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्यामुळे विद्यापीठांतले हे ज्ञान खेड्यापाड्यांतल्या घरांपर्यंत नेण्यासाठी सरकारी पैसा मिळू लागला. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात १९२६ साली गृहअर्थशास्त्राचे स्वतंत्र स्कूल झाले, १९७६ मध्ये त्याच्या नावात ‘ग्राहक व कुटुंब विज्ञान’ आले आणि ‘ग्राहकशास्त्र व रिटेलिंग’ हा विभाग याच घराण्यातला होता. आधी घर, मग दुकान, असा तिथला क्रम.

आपल्याकडे दिल्लीचे लेडी आयर्विन कॉलेज १९३२ चे. जवळचे उदाहरण म्हणजे धारवाड कृषी विद्यापीठातले गृहविज्ञान; त्याला आता सामुदायिक विज्ञान म्हणतात. पण गृहविज्ञान म्हणजे मुलींचे स्वयंपाक-शिवण, असा शिक्का बसला तो बसलाच. त्यातला खरेदीचा भाग वाणिज्य शाखेने उचलला नाही. मराठी माणूस ग्राहकशास्त्र शिकला तो वर्गाबाहेर. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि कुटुंबांचे गट करून एकत्र खरेदी सुरू झाली. पहिला ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतरचा, १९८६ चा.

बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाने असा ग्राहकशास्त्राचा विभाग काढायचा म्हटले तर त्याला मोठी इमारत लागणार नाही. एक खोली, शिक्का मारलेल्या वजनांचा संच, ५ लिटरचे माप आणि ३० किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा एवढ्यावर पहिले सत्र निघते.

काटा ५ ग्रॅमच्या भागांचा, म्हणजे आकडा ५-५ ग्रॅमने बदलणारा, घ्यावा. आधी पाणसळीतला बुडबुडा मधोमध आणावा, मग आकडा शून्यावर. क्षमतेच्या एक तृतीयांश, म्हणजे १० किलो, वजन ताटाच्या चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने ठेवावे. सरकारी पडताळणीच्या वेळी १० किलोला ५ ग्रॅमपर्यंतची चूक चालते. कोपऱ्याकोपऱ्याला आकडा त्याहून जास्त हलला, तर ताटाखाली कचरा अडकला आहे, ताट कुठे टेकते आहे किंवा लोडसेल (आतला वजन ओळखणारा भाग) गेला आहे. पंख्याचा वारा आणि कललेले टेबल हे आणखी दोन गुन्हेगार. ज्याला आपण लबाडी म्हणतो ती पुष्कळदा एवढीच असते, पुष्कळदा नसतेही. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर १२ महिन्यांनी, लोखंडी वजने आणि दांडीच्या तराजूची २४ महिन्यांनी व्हायला हवी. तिचे प्रमाणपत्र दुकानात दिसेल असे लावायचे असते. ते बघायला मागण्यात भांडण कसले? पेट्रोल पंपावरही ५ लिटरचे माप मागता येते. त्यात २५ मिलिलिटरपर्यंतची तूट-वाढ माफ, त्यापुढे नाही.

आता खास आपला प्रश्न, कुंद्याचा, म्हणजे आपल्या बेळगावी मिठाईचा. पाव किलो कुंदा ५० ग्रॅमच्या खोक्यासकट तोलला, तर पदरात कुंदा पडतो २०० ग्रॅम. भाव किलोला ४०० रुपये धरला तर २० रुपये पुठ्ठ्याचे. किलोभर घेणाऱ्याला हे जाणवत नाही, पाव किलोवाल्याचा पाचवा हिस्सा जातो. रिकामा खोका काट्यावर ठेवून आकडा शून्य करायला एक बटण पुरते.

बंद पाकिटावर उत्पादकाचे नाव-पत्ता, मालाचे नाव, निव्वळ वजन, तयार झाल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. २०११ च्या नियमांनुसार हा मजकूर देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत असावा लागतो. सोबत कन्नड, मराठी, काहीही चालते. घरगुती चटण्या-मसाल्यांच्या पाकिटावर फक्त कन्नड किंवा फक्त मराठी असेल तर दोन्हीही नियमात बसत नाहीत. सीमाभागात हे मुद्दाम सांगावे लागते.

याहून महत्त्वाचे म्हणजे तक्रार कुठे करायची. चंदगडचा माणूस मिक्सर घ्यायला बेळगावात येतो, निपाणीचा माणूस फर्निचरला कोल्हापूरला जातो. बिघडले की ‘ते दुसरे राज्य’ म्हणून दोघेही गप्प बसतात. २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणजे चंदगडकराला कोल्हापूर, निपाणीकराला बेळगाव. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत २ वर्षांची. १९१५ या हेल्पलाइनवर आधी फोन करून पाहावा, बरीच प्रकरणे तिथेच मिटू शकतात.

तक्रारी अडतात त्या बहुधा पुराव्यावर. कच्च्या चिठ्ठीवर दुकानाचे नावच नसते; आणि पक्के बिल यंत्रातून निघालेल्या गुळगुळीत कागदावर असेल तर त्यावरची अक्षरे उन्हाने, उष्णतेने काही महिन्यांत उडतात. घरी आल्याबरोबर त्याची झेरॉक्स काढावी आणि ती वॉरंटी कार्डाला टाचून ठेवावी.

आपले,
वाणिज्य व गृहविज्ञान विषयांचे काही निवृत्त शिक्षक, बेळगाव